दिसले नाही म्हणजे नव्हते?

एखादी वस्तू आहे हे कशावरून, यावर वाद घालायला कुणीही तयार असतो. नाही हे कशावरून, असे मात्र क्वचितच कुणी विचारतो, कारण ‘दिसले नाही, म्हणजे नाही’ हे उत्तर तोंडावर तयार असते. आपल्याकडच्या दर्शनकारांनी ते इतक्या स्वस्तात जाऊ दिले नाही. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आले कुठून, यावर ते शतकानुशतके भांडले. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अभावाचे ज्ञान देणारे एक स्वतंत्र प्रमाणच मानले; पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही अनुपलब्धी या नावाने ते आपल्या सहा प्रमाणांत घेतले. नैयायिक म्हणाले, वेगळे प्रमाण हवे कशाला, रिकामी जमीन पाहणाऱ्या डोळ्यांनाच घड्याचा अभाव दिसतो. बौद्ध धर्मकीर्तीने सगळे प्रकरण अनुमानात बसवले. एवढे भांडूनही एका अटीवर मात्र तिघांचे जमले: जे असते तर दिसलेच असते, तेच न दिसल्यावर ‘नाही’ म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घड्याबद्दल काहीच कळलेले नसते. या अटीला ते योग्यता म्हणत.

या अटीची आज रोज जिथे परीक्षा होते ती जागा शास्त्रीबुवांना फारशी शोभणारी नाही. संगणकाच्या पोटात कॅप्चर कार्ड बसवून चार, आठ किंवा सोळा कॅमेऱ्यांचे चित्रण हार्डडिस्कवर साठवणारे रेकॉर्डर दोन हजार सालानंतर दुकाने, पतसंस्था, गोदामे असे करत पसरले. आता बंद डब्यातले डीव्हीआर आणि नेटवर्कवरचे कॅमेरे आले, तरी ते जुने संगणक अजून कुठे कुठे घरघरत चालू असतात. त्यांची दुरुस्ती करणारा माणूस दिवसभर एकाच प्रश्नाशी झुंजतो: पडद्यावर काही नाही, याचा अर्थ काय? माझे म्हणणे असे की रिकामी नोंद स्वतःच्या बळावर काहीच सिद्ध करत नाही. त्या क्षणी पाहणारा पाहण्याच्या स्थितीत होता हे वेगळे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याची जबाबदारी ‘नव्हते’ म्हणणाऱ्यावर असते. चोरीच्या तपासाला हे लागू आहे, वाघाला लागू आहे आणि देवाच्या वादालाही.

सुरुवात तारेपासून करावी. ॲनालॉग कॅमेऱ्याची केबल फक्त चित्र वाहून नेत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या ६२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला कॅमेरा एक छोटा ठोका पाठवतो. त्याला सिंक म्हणतात. सगळा सिग्नल जेमतेम एक व्होल्टचा, त्यातला सुमारे ०.३ व्होल्ट या ठोक्यासाठी राखलेला आणि उरलेला चित्रासाठी. खोलीत मिट्ट काळोख झाला की चित्राचा भाग तळाला जातो, ठोके मात्र चालूच राहतात. म्हणजे काळोख हाही कॅमेऱ्याला पाठवावा लागतो. केबल तुटली, तर काळोखसुद्धा येत नाही. जुन्या कार्डांवर सर्रास दिसणाऱ्या बीटी८७८ या चिपमध्ये यासाठी दोन वेगळ्या खुणा होत्या: सिग्नल हजर आहे की नाही ही एक, आणि येणाऱ्या ठोक्यांशी आपला मेळ बसला आहे की नाही ही दुसरी. चित्रात माणूस आहे, पोते आहे की भिंत, याच्याशी त्या खुणांना काही देणेघेणे नसते. माणसाला दोन्ही वेळा काळा चौकोनच दिसेल. चिपला मात्र एक चौकोन ‘समोर उजेड नाही’ असा कळतो आणि दुसरा ‘मला समोरचे कळतच नाही’ असा. नैयायिकांची योग्यता इथे विजेच्या ठोक्यात उतरली आहे, आणि ज्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या चौकोनावर ‘व्हिडिओ लॉस’ असे लिहायचे कष्ट घेतले त्याने दर्शनशास्त्राचे एक कलम पाळले असे म्हणायला हरकत नाही.

अडचण पुढे, नोंद तपासताना येते. चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही हा धानाचा तालुका, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भातावर काम करणारे संशोधन केंद्र इथेच आहे. समजा, या भागातल्या एका गोदामात मोजणीला धानाची पोती कमी भरली, संशय चौकीदारावर आहे, आणि रेकॉर्डरवर रात्री १ वाजून १० मिनिटांपासून ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत काहीच नाही. मालक म्हणणार, मुद्दाम बंद केला. चौकीदार म्हणणार, कुणी आलेच नाही, म्हणून काही निघाले नाही. दोघेही त्याच कोऱ्या पट्टीकडे बोट दाखवत आहेत. ती पट्टी मात्र पाच-सहा कारणांनी कोरी राहू शकते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचे असे लावलेले असेल आणि खरोखर काही हलले नसेल. हलले असेल, पण संवेदनशीलता इतकी कमी ठेवली असेल की दूरच्या कोपऱ्यातला माणूस हिशेबात आला नसेल. लाइट गेली असेल, आणि ती परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याचे सेटिंग बायोसमध्ये केलेलेच नसेल. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपून घड्याळ भलत्याच वर्षात गेले असेल. मग ती रात्र डिस्कवर शाबूत असूनही त्या तारखेखाली सापडणार नाही. किंवा पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर पाखरे जमली असतील, कोळ्याने भिंगासमोर जाळे विणले असेल आणि प्रत्येक फडफड ‘हालचाल’ म्हणून साठत जाऊन डिस्क भरली असेल. भरली की जुने पुसले जाते. अशा वेळी चोराच्या जागी किड्यांचे तासन्‌तास चित्रण मिळते, आणि ते अगदी स्पष्ट असते.

आणखी एक कारण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दुरुस्तीवाला दिवसा येतो, सगळे कॅमेरे चालू दिसतात, तो पैसे घेऊन जातो. रात्री तीन नंबरचा कॅमेरा पुन्हा जातो. मालक कार्ड बदलायला सांगतो. जाणता माणूस आधी तीन नंबरची बीएनसी पिन काढून एक नंबरला लावतो. बिघाड पिनेबरोबर एक नंबरवर गेला, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला. तीन नंबरवरच राहिला, तर कार्डाच्या बाजूला. ते असले की हे असते, ते नसले की हे नसते, अशा अन्वय-व्यतिरेकाने तो नैयायिकांचीच वाट चालतो. मग तो भर दिवसा कॅमेऱ्याच्या भिंगावर हात धरतो. कॅमेऱ्याला रात्र झाली असे वाटते, इन्फ्रारेड दिवे पेटतात, विजेची ओढ वाढते, लांबच्या बारीक तारेतून आलेले १२ व्होल्ट आणखी घसरतात आणि कॅमेरा बंद पडतो. दोष ॲडॉप्टरचा किंवा तारेचा, आणि तोही फक्त अंधारात उमटणारा. जुन्या तत्त्ववेत्त्यांच्या अटीत एवढी भर मी घालेन: योग्यता ज्या वेळेबद्दल आणि ज्या जागेबद्दल बोलायचे, त्याच वेळेची आणि जागेची सिद्ध व्हावी लागते. दिवसा धडधाकट असलेला डोळा रात्रीबद्दल साक्ष देऊ शकत नाही. गोदामांतल्या भांडणांत ‘काल दुपारीच तपासला होता’ हे वाक्य फार चालते. त्याची किंमत एवढीच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हीच शंका ‘दिसले’ यावरही घेता येते. घेता येते, पण दोन्ही शंकांचे वजन सारखे नाही. अर्धवट बिघडलेल्या, धुरकट, मधूनमधून बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यातही पोते खांद्यावर घेतलेला माणूस एकदा दिसला की तो दिसला. ‘कुणीच नव्हते’ हे सांगायला मात्र पूर्ण वेळ, पूर्ण जागा आणि पूर्ण शुद्धीवर असलेला कॅमेरा लागतो. असण्याला एक चित्र पुरते. नसण्याला सगळी रात्र लागते. दिसण्यातही चूक होते, पण तिची जात वेगळी. स्वस्तातल्या कार्डांवर एकाच चिपला चार कॅमेरे आळीपाळीने जोडले जातात. अदलाबदलीनंतर सिग्नल स्थिरावायच्या आत चित्र उचलले, तर एका कॅमेऱ्याची चौकट दुसऱ्याच्या नोंदीत जाऊन बसते. फाटकापाशी उभा असलेला माणूस क्षणभर तिजोरीच्या खोलीत उभा दिसतो. माणूस खरा, खोलीही खरी, खोटा आहे तो फक्त त्यांचा संबंध. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा दुसरीकडची खरी चांदीच इथे भासते, असे नैयायिकांच्या अन्यथाख्यातीत सांगितले आहे; त्यांना याहून नेमके उदाहरण मिळाले नसते. असली चूक पकडता येते, कारण पकडायला निदान काहीतरी हाती असते. कोऱ्या पट्टीत तेवढेही नसते.

गोदामाबाहेर पडले की हाच प्रश्न जिवावरचा होतो. सिंदेवाहीचे जंगल ब्रह्मपुरी वनविभागात मोडते. ताडोबासारख्या राखीव क्षेत्राबाहेरचे हे जंगल, शेताच्या बांध्या, बोड्या आणि गावे यांच्यात विरघळलेले, आणि वाघ तिथेही आहेत. १० मे २०२५ रोजी या तालुक्यातल्या मेंढा-माल परिसरातल्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. तेंदूचा हंगाम म्हणजे ऐन मे, आणि याच महिन्यात कॅमेरा ट्रॅपचा डोळा सर्वांत मंद होतो. तो ट्रॅप चित्र बघून जागा होत नाही. समोरून सरकणाऱ्या अंगाची उष्णता मागच्या जमिनीपेक्षा वेगळी आहे हे त्याच्या सेन्सरला जाणवावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, दगड आणि पाचोळा तापला, की वाघाचे अंग आणि जमीन यांच्यातले अंतर इतके पुसट होते की भर दुपारी वाघ समोरून गेला तरी सेन्सर झोपलेला राहू शकतो. ‘या कंपार्टमेंटमध्ये आठवडाभर वाघ आला नाही’ हे वाक्य डिसेंबरमध्ये जेवढे सांगते तेवढे मेमध्ये सांगत नाही, आणि पाने तोडणाऱ्या बाईला ते मेमध्येच ऐकवले जाते. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठला कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसवले गेले. वाघ ओळखला की ते इशारा देतात. उपयोगाचीच गोष्ट आहे. पण इशारा न येणे म्हणजे वाघ नसणे, असे गाव एकदा धरून चालू लागले की बंद पडलेली यंत्रणा यंत्रणा नसण्यापेक्षा घातक ठरते. शिवेवरच्या वाघोबाला शेंदूर लावणारा माणूस न दिसलेल्या वाघाला हिशेबात धरतो. त्याचे कारण वेगळे असेल, पण हिशेब चुकीचा नाही. शास्त्रज्ञही तेच करतात. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे निघाली, त्यांत वाघाची ७६,६५१. पट्ट्यांवरून ओळख पटलेले वेगवेगळे वाघ २,४६१ होते, जाहीर झालेला अंदाज मात्र २,९६७. मधले ५०६ वाघ कुणी दडवून ठेवलेले नव्हते आणि कल्पनेतलेही नव्हते. असलेला वाघ कॅमेऱ्यात येण्याची शक्यता किती, हे मोजून, न आलेल्यांची भरपाई करून ते धरलेले आहेत. योग्यतेला आकडा दिला की असे होते.

दुसरा आक्षेप जुना आणि धारदार आहे. पाहणारा ठीक होता हे दाखवायला दुसरा पाहणारा हवा, त्याच्यासाठी तिसरा. हे थांबणार कुठे? कुमारिलांनी याच भीतीने ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानले: ज्ञान झाले की ते खरेच धरायचे, खोटे ठरवणारे कारण पुढे आले तरच सोडायचे. व्यवहारात आपण सगळे असेच जगतो, आणि दिसलेल्या गोष्टीपुरते मला ते मान्य आहे. न दिसण्याला मात्र ही सवलत देता येत नाही, कारण तिथे खोटे ठरवणारे कारणसुद्धा त्याच कोऱ्या जागेत गडप झालेले असते. शिवाय ही मालिका दुसरा डोळा न लावताही तोडता येते. बऱ्याच कॅप्चर कार्डांवर वॉचडॉग नावाची सोय असे. कार्डावरून एक बारीक वायर मदरबोर्डच्या रीसेटच्या पिनांवर जाई. सॉफ्टवेअरने ठरावीक वेळाने कार्डाला ‘मी जागा आहे’ एवढे कळवायचे. ते कळणे थांबले की कार्ड संगणक बंद करून पुन्हा सुरू करी. समोर काय चालले आहे हे वॉचडॉग पाहतच नाही. त्याला फक्त नियमित येणारी हाक ठाऊक असते, आणि हाक न येणे हीच त्याच्यासाठी बातमी. ती वायर निसटलेली असू शकते, हे खरे. शंकेला तर्काने शेवट नाही. ती कुठे थांबवायची हे चुकीची किंमत ठरवते: दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यासाठी लवकर, कुणाच्या कोठडीसाठी फार उशिरा.

न्यायालयांच्या हे ध्यानात आलेले दिसते. वाराणसीच्या एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या खटल्यात, टोमासो ब्रुनो प्रकरणात, तपास अधिकाऱ्याने त्या रात्रीचे चित्रण पाहिले होते. पुरावा म्हणून देण्यासारखे त्यात काही नव्हते, म्हणून ते नोंदवले नाही, असे त्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते मानले नाही. चित्रण हजर न करणे अभियोग पक्षाच्याच विरुद्ध धरले आणि आरोपी सुटले. ‘काही नव्हते’ हे दाखवायलाही चित्रण लागते, तोंडी सांगून भागत नाही. आपल्या जालन्याचे प्रकरण याच्या दुसऱ्या टोकाचे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की तीन वाजून गेल्यावर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणापर्यंत गेला, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा नोंदीच्या प्रतीसोबत, ती ज्या यंत्रातून निघाली त्याबद्दलचे प्रमाणपत्र हवेच. ते यंत्र त्या काळात नीट चालत होते, हे त्या प्रमाणपत्राच्या कायद्यातल्या अटींपैकी एक आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने, आणि तशी सोयच नसेल तर निदान वर्षभर, जपायचा आदेश झाला. कॅमेरा बिघडला तर ठाणेदाराने तसे लगेच कळवायचे, हेही त्यात आहे. मला या आदेशातला हा शेवटचा, कुणाच्या फारसा नजरेत न भरलेला भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बिघाड घडला तेव्हाच नोंदवला, तर तो बिघाड राहतो. चौकशी लागल्यावर सांगितलेला बिघाड सबब असू शकतो, आणि त्या दोहोंत फरक करायला नंतर कुणाकडेच साधन उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माझ्या म्हणण्याचा गैरफायदा दाखवतो. न दिसण्यावर इतक्या अटी लादल्या, तर भुताखेतांचे फावेल. करणी कॅमेऱ्यात येतच नसते, मग कॅमेऱ्यात नाही म्हणून करणी नाही असे कसे म्हणता, असे कुणीही विचारील. चंद्रपूर जिल्ह्याच्याच जिवती तालुक्यात, वणी खुर्द इथे, ऑगस्ट २०२१मध्ये भानामतीच्या संशयावरून गावातल्या वृद्धांना आणि बायकांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती. त्या संशयाला पुरावा लागला नाही, कारण पुरावा नसणे हाच गुप्तपणाचा पुरावा ठरवला गेला. पण योग्यतेचा नियम इथे करणीवाल्याच्या बाजूने उभा राहत नाही. तो त्याला विचारतो: तुझी करणी असती तर काय दिसले असते? भांडी हलतात म्हणत असशील, तर भांडी दिसणारा कॅमेरा पुरेसा आहे. न हललेल्या भांड्यांवर तुझे म्हणणे पडले. काहीच दिसणार नाही म्हणत असशील, तर आजारी पडलेले पोर, मेलेली गाय हेही तुझ्या बाजूचे पुरावे म्हणून तुला वापरता येणार नाहीत, कारण मग ते ‘दिसले’ होईल. दोन्हीकडून खाण्याची मुभा हा नियम कुणालाच देत नाही.

आता हेच हत्यार देवाच्या दारी न्यायला हवे. दहाव्या शतकातल्या मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात नेमका हाच वाद घातला आहे. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याला त्यांचे उत्तर: दिसण्याजोगे असून न दिसणे हे अभावाचे प्रमाण, ईश्वर मुळात डोळ्यांना दिसण्याजोगा नाही, तेव्हा तो न दिसण्यातून काहीच निघत नाही. चार्वाकाची त्यांनी केलेली थट्टाही मार्मिक आहे: न दिसणे म्हणजेच नसणे असेल, तर चार्वाकाने घराबाहेर पाऊल टाकताच बायकामुले नाहीशी झाली म्हणून ऊर बडवून रडायला हवे. उदयनाचा युक्तिवाद मला निर्दोष वाटतो. तो जेवढा सांगतो तेवढाच तो घ्यायला हवा, एवढेच. ईश्वर आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि उदयनालाही ते माहीत होते. म्हणून ईश्वराच्या सिद्धीसाठी त्याने पुढे वेगळी अनुमाने मांडली. आपल्याकडचा रोजचा आस्तिक मात्र उदयनाचे संरक्षण घेतो आणि त्याची शिस्त सोडतो. नवस फळला की देव दिसला, नाही फळला की देव दिसण्याजोगा नाही. करणीवाल्याला जे नाकारले ते भक्ताला देता येणार नाही. देव फळातून ओळखता येतो असे मानायचे, तर कोरड्या गेलेल्या नवसांचाही हिशेब ठेवावा लागेल; ओळखता येत नाही असे मानायचे, तर फळलेल्यांचाही सोडावा लागेल. एखादा भक्त म्हणेल, मला पुरावा नकोच आहे, माझा देवाशी संबंध आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याने त्या संबंधाच्या जोरावर दुसऱ्याला चोर ठरवू नये म्हणजे झाले.

देव सगळे पाहतो, म्हणजे तो न झोपणारा रेकॉर्डर आहे, अशी एक समजूत गाभाऱ्यापर्यंत कॅमेरे पोचल्यापासून विनोदाने आणि गंभीरपणेही बोलली जाते. अद्वैतातला साक्षी या समजुतीत बसत नाही. गाढ झोपेतून उठून माणूस म्हणतो, सुखाने झोपलो, काही कळले नाही. वेदान्ती म्हणतात, ही आठवण आहे. न कळणेसुद्धा कुणीतरी पाहिले, म्हणून आठवले. ते पाहणारा साक्षी. नैयायिक म्हणतात, छे, जागे झाल्यावर आठवत नाही म्हणून काही कळले नव्हते असे अनुमान केले. संगणक या भांडणात सरळ नैयायिकांच्या बाजूला जातो. लाइट जाऊन बंद पडलेली विंडोज पुन्हा सुरू झाली की आपल्या नोंदवहीत लिहिते: यापूर्वीचे बंद होणे अनपेक्षित होते. वेळही लिहिते, पण ती बंद पडण्यापूर्वी शेवटच्या जागेपणी टिपलेल्या वेळेवरून काढलेली. स्वतःच्या झोपेबद्दलची ही साक्ष पूर्णपणे उठल्यानंतरची आहे. वेदान्त्यांचा साक्षी असे कधी उठत नाही, कारण तो झोपलेलाच नसतो. पण तो काही साठवतही नाही, कुणाला फुटेज काढून देत नाही. चोरीच्या चौकशीत त्याला बोलावणे म्हणजे त्याला न समजणे आहे. दिवा नाटकशाळेत नट असताना आणि गेल्यावरही सारखाच जळतो, असे विद्यारण्यांनी पंचदशीत साक्षीबद्दल म्हटले आहे; नाटक कसे झाले हे दिव्याला विचारायला कुणी जात नाही.

आपल्या पूर्वजांनी मात्र देवाला चौकशीत बोलावले होते, आणि ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत कागद आणि साक्षीदार दोन्ही अपुरे पडले की दिव्य करीत. रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा. मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करायची, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर उघडून पाहायचा. फोड नसला तर माणूस खरा. न दिसलेल्या फोडावर पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन ठरत असे. अभावाच्या ज्ञानावर इतका भार क्वचितच कुणी टाकला असेल. खोट्या माणसाचा हात भाजतोच आणि खऱ्याचा भाजत नाहीच, या गृहीताला आज कुणी आधार देणार नाही. तरी ते लोक भोळे नव्हते. दिव्य हे शेवटचे साधन, माणसांचे पुरावे संपल्यावरच काढायचे. मोहर कशासाठी, तर मधल्या दिवसांत हाताला कुणी औषध लावू नये. आणि याज्ञवल्क्य स्मृतीच्या परंपरेत अग्निदिव्याचा जो विधी सांगितला आहे त्यात तापलेले लोखंड हातावर ठेवण्याआधी त्या माणसाला दोन्ही तळहातांत साळी चोळायला लावतात, आणि त्या चोळण्याने उघडे पडलेले जुने व्रण, घट्टे, तीळ रंगाने खुणा करून टिपून ठेवतात. देवाचा निवाडा वाचायला बसण्यापूर्वी तो ज्या कातडीवर उमटणार, ती कातडी ते अशी तपासून घेत.